फुरसतीचा उद्योग : कणीएवढ्या भागांना डाख

विजेवर चालणारीं बारीकसारीक उपकरणें उघडून पाहण्याची खोड ज्या घरांत आहे, त्या घरच्या मंडळींच्या एक गोष्ट ध्यानांत आलीच असेल. पूर्वींचा रेडिओ उघडला म्हणजे आंतले भाग ओळखूं येत. रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, पेपरमिंटच्या वडीसारखे चपटे कपॅसिटर, आणि प्रत्येकाला दोन लांब पाय. ते पाय बोर्डाच्या भोकांतून पलीकडे काढावयाचे, मागील बाजूनें डाख द्यावयाचा आणि उरलेलें टोंक कापून टाकावयाचें. आजचें श्रवणयंत्र किंवा रक्तदाब मोजण्याचें यंत्र उघडलें, तर हिरव्या पाटीवर कोणी तांदळाची कणी सांडून ठेवली आहे कीं काय, असें वाटतें. भागांना पाय नाहींत, त्यांच्यासाठीं बोर्डाला भोकें नाहींत, आणि पुष्कळ भागांवर अक्षर म्हणून नाहीं. पाहणारा गृहस्थ हलकेंच झांकण लावतो आणि म्हणतो, ‘‘हें यंत्रानें केलेलें काम. यांत आपला हात शिरावयाचा नाहीं.’’

त्याचें पहिलें वाक्य खरें आहे, दुसरें नाहीं. कारखान्यांत हे भाग यंत्रेंच बसवितात, आणि तासाला हजारोंच्या हिशोबानें बसवितात. परंतु बिघडलेला एखादा भाग काढून नवा बसविणें, किंवा दहावीस भागांचें लहानसें सर्किट स्वतः जुळविणें, हें काम घरच्या टेबलावर, बेताच्या खर्चांत आणि साठी उलटलेल्या माणसालाही जमतें. तें कसें जमतें, आणि भरल्या घरांत तें करतांना काय जपावें लागतें, हें या महिन्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

निमित्त एका पत्राचें आहे. एका वाचक भगिनीनें लिहिलें आहे, कीं तिची नववींतील मुलगी व अभियांत्रिकीचें शिक्षण घेणारा पुतण्या मिळून हें काम शिकूं पाहतात. वन्संचें मत, शिकूं द्यावें. मामंजींचें मत, घरांत रांगतें मूल असतां शिशाचा आणि धुराचा उद्योग नको. शिवाय ‘‘हें कारागिराचें काम, आपल्या घरांत तें कोणी केलेलें नाहीं,’’ असेंही ते म्हणाले. मामंजींच्या पहिल्या आक्षेपाकडे आम्ही पुढें वळूं, कारण तो खरोखर वजनदार आहे. दुसऱ्यास मात्र वजन देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. आपल्या घरांतून पुस्तकें पुष्कळ आलीं, हत्यारें फारशीं आलीं नाहींत. ओहमचा नियम तिघाचौघांना तोंडपाठ असलेल्या घरांत इस्त्रीची वायर बदलावयास बाहेरून माणूस बोलवावा लागतो, यांत मोठेपणा कोणता, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं.

शिवाय ही विद्या परकी नाहीं. डाख, म्हणजे ज्याला आजचीं मुलें सोल्डर म्हणतात, हा आपल्या भाषेंतला जुना शब्द आहे. सोनार टांकणखार लावून, फुंकणीनें ज्योत वळवून दागिन्याला डाख देतो. कल्हईवाल्याला तर आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. तापलेल्या पातेल्यांत तो नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि त्याच क्षणीं कापसाच्या बोळ्याखालीं कथील सगळ्या भांड्याभर पसरतें. लहानपणीं आपण तो धूर पाहून खोकत होतों. पण सगळी विद्या त्या धुरांतच होती. तापलेल्या धातूवर हवेंतील प्राणवायूमुळें एक मळकट थर बसतो. तो थर असेपर्यंत वितळलेलें कथील अळवावरच्या पाण्यासारखें थेंब थेंब होऊन पळतें. नवसागर तो थर नाहींसा करतो, आणि मग कथील धातूला चिकटतें. विजेच्या कामांत नवसागराचें हेंच कार्य राळ करते. चिडाच्या झाडाच्या चिकापासून मिळणारी ही राळ थंड असतांना जवळजवळ निरुपद्रवी असते, आणि वितळली म्हणजे तिच्यांतील सौम्य आम्ल जागें होऊन धातूचा पृष्ठभाग साफ करतें. बाजारांत ती फ्लक्स या नांवानें, कुपींत किंवा पिचकारींत मिळते. सोल्डरच्या तारेच्या पोटांतही ती भरलेली असते.

येथें एक सावधगिरीची सूचना. नवसागर, किंवा नळकाम करणारे वापरतात तें आम्लाचें द्रावण, विजेच्या बोर्डावर कदापि वापरूं नये. त्याचा अंश मागें राहतो, पावसाळी हवेंतील ओल धरतो आणि केसाएवढ्या तांब्याच्या रेघा कांहीं महिन्यांत खाऊन टाकतो. फ्लक्स घेतांना तो इलेक्ट्रॉनिक कामाचाच आहे ना, हें दुकानदारास विचारून घ्यावें.

आतां भाग इतके लहान कां झाले, हें थोडक्यांत पाहूं. मूळचे व्हिएन्नाचे इंजिनियर पॉल आयस्लर यांनीं १९३६ सालीं लंडनमध्यें तारांऐवजीं तांब्याच्या पातळ पत्र्याच्या रेघा असलेल्या पाटीवर रेडिओ जुळविला. छापील सर्किटची ती सुरुवात समजतात. पाटीला भोकें न पाडतां भाग तिच्या पृष्ठभागावरच बसविण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकांत आय. बी. एम. कंपनीनें विकसित केली, आणि चंद्राकडे मनुष्य नेणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाच्या गणकयंत्रांत ती वापरली. १९८० नंतर ती सर्वत्र पसरली. पाय गेले म्हणजे जागा वांचते, बोर्डाच्या दोन्ही बाजू वापरतां येतात, आणि अतिशीघ्र बदलणाऱ्या विद्युत्‌प्रवाहाला लांब पायांचा जो अडथळा होतो तोही टळतो. याचा परिणाम असा झाला, कीं कित्येक नव्या चिप पायांच्या जुन्या रूपांत बनतच नाहींत. जो केवळ भोकांतला डाख शिकला, त्याला आज अर्धें दुकान बंद आहे. ही कला आतां शिकावी असें आम्ही म्हणतों, त्याचें मुख्य कारण हें.

आकाराचीं नांवें चार आंकड्यांनीं सांगतात. १२०६ म्हणजे सुमारें ३·२ मिलिमीटर लांब व १·६ रुंद. ०८०५ म्हणजे २ मिलिमीटर व सव्वा. ०६०३ म्हणजे १·६ व ०·८. ०४०२ म्हणजे १ व अर्धा. हे आंकडे इंचाच्या शतांशांचे आहेत. कांहीं ठिकाणीं मिलिमीटरांवरूनही तसेंच नांव देतात, आणि त्या रीतीनें ०६०३ म्हटलेला भाग लांबीला अवघा ०·६ मिलिमीटर भरतो. मागवितांना ही चूक झाली तर हातीं कणी येत नाहीं, रवा येतो. ०६०३ आकाराच्या रेझिस्टरचें वजन दोन मिलिग्रॅमच्या आसपास असतें, म्हणजे आपल्या जुन्या मापानें एका गुंजेस असे साठ चढतील. नवशिक्यानें १२०६ पासून आरंभ करावा, दोनचार दिवसांनीं ०८०५ वर यावें, आणि ०६०३ वर पुष्कळ दिवस थांबावें. घरगुती कामास त्याहून लहान आकाराची सहसा गरज पडत नाहीं. ज्याला ०४०२ खुणावतो त्यानें खुशाल जावें, पण तें हौसेचें काम आहे.

इतका हलका भाग हातानें नेमका बसतो कसा? याचें उत्तर आमच्या मतें या सगळ्या विषयाचा गाभा आहे. तो भाग आपण बसवीत नाहीं. आपण त्याला फक्त जागेजवळ नेतों. वितळलेल्या डाखाच्या पृष्ठभागाचा ताण पाण्याच्या कित्येक पट अधिक असतो, आणि भागाचें वजन इतकें क्षुल्लक, कीं तो ताण त्याला सहज ओढून घेतो. बोर्डावर प्रत्येक भागासाठीं तांब्याच्या दोन उघड्या टिकल्या असतात. कारखान्यांत त्यांना पॅड म्हणतात. दोन्ही टिकल्यांवरचा डाख एकाच वेळीं पातळ झाला, कीं किंचित् वांकडा ठेवलेला भाग डोळ्यांदेखत सरळ होतो. पहिल्यांदा हें भिंगाखालीं पाहणाराला आपोआप हंसूं येतें. मात्र दोन टोंकांपैकीं एकाच बाजूचा डाख आधीं वितळला, तर तोच ताण भागाला त्या बाजूस ओढून उभा करतो. पाश्चात्त्य कारागीर अशा भागाला थडग्यावरचा दगड म्हणतात. आम्हांस त्यावरून गांवाबाहेरचा वीरगळ आठवतो. संपूर्ण बोर्ड एकदम तापविण्याच्या पद्धतींत हा प्रकार घडतो. आयर्ननें एकेक टोंक करतांना भागाला चिमट्यानें धरलेलें असतें, म्हणून तेथें त्याचें भय फारसें नाहीं.

कृति आतां सविस्तर सांगतों. उजव्या हातीं सोल्डरिंग आयर्न, डाव्या हातीं बारीक टोंकाचा चिमटा. डावखुऱ्यांनीं उलट समजावें. दोन्ही टिकल्यांवर फ्लक्सचा थेंब लावावा. उजव्या टिकलीवर आयर्नचें टोंक टेकवून सोल्डरची तार किंचित् स्पर्शावी. लहानसा उंचवटा झाला कीं पुरे. तार ठेवून द्यावी, ती आतां लागत नाहीं. चिमट्यानें भाग उचलून डाव्या बाजूनें जवळ आणावा, उंचवटा पुन्हां वितळवावा, आणि भाग बोर्डाला लागूनच त्या पातळ डाखांत सरकवावा. मग प्रथम आयर्न काढावें. मनांत दोन अंक मोजावे. नंतर चिमटा सोडावा. हा क्रम उलटला, म्हणजे चिमटा आधीं सुटला, तर भाग आयर्नला चिकटून वर येतो, आणि नवशिक्यांची निम्मी निराशा याच ठिकाणीं होते. आतां बोर्ड फिरवून दुसऱ्या टोंकास डाख द्यावा, आणि शेवटीं पहिल्या टोंकावर फ्लक्सचा दुसरा थेंब घालून तो डाख एकवार ताजा करावा. प्रत्येक स्पर्श एकदोन सेकंदांचा. भागाच्या अंगाला आयर्न लावूं नये. टिकलीला आणि भागाच्या चकचकीत टोंकाला लावावें. चिनी मातीच्या कपॅसिटरला एकाएकी कडक उष्णता लागली किंवा तो दाबला गेला, तर त्यांत केसाएवढी चीर पडते. ती दिसत नाहीं, पण पुढें महिन्यांनीं यंत्र बंद पाडते.

चांगला डाख पाहून ओळखतां येतो. टिकलीवरून भागाच्या टोंकाकडे तो उतरत्या पागोळीसारखा आंत वळलेला असावा. मण्यासारखा गोल व फुगीर दिसला, तर डाख जास्त झाला आहे किंवा टिकलीला चिकटलेलाच नाहीं. अशा वेळीं आणखी डाख घालण्याचा मोह होतो. घालावयाचें असतें फ्लक्स. या कामांतील दहापैकीं आठ अडचणींवर फ्लक्स हेंच औषध आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आयर्न साधें, स्वस्त, भिंतींत खोंचून तापणारें घेऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. उष्णता बांधून ठेवणारें, आंकडा दाखविणारें घ्यावें. कथील ६३ भाग व शिसें ३७ भाग यांचें मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतें, यद्यपि शुद्ध कथिलाला सुमारें २३२ व शुद्ध शिशाला सुमारें ३२७ अंश लागतात. दोन कठीण माणसें एकत्र येऊन मऊ व्हावीं तसा हा प्रकार आहे. टोंकाचें तापमान ३३० ते ३५० अंश ठेवावें. मनुष्य सुईसारखें अणकुचीदार टोंक घ्यावयास धांवतो, कारण भाग बारीक. पण अशा टोंकांतून उष्णता पोंचत नाहीं. दीड-दोन मिलिमीटरचें पटाशीसारखें चपटें टोंक अधिक उपयोगी पडतें. टोंक आंतून तांब्याचें असून वरून लोखंडाचा पातळ मुलामा असतो. जुने कारागीर टोंक कानशीनें घांसून साफ करीत. तसें आतां केलें तर मुलामा जाऊन टोंक चार दिवसांत झिजतें. पितळेच्या तारेच्या घासणीवर पुसावें, आणि काम संपल्यावर टोंकाला डाखाची कल्हई करून ठेवावें. कल्हई केलेलें भांडें जसें टिकतें, तसेंच हें.

आठ किंवा सोळा पायांची चिप पाहून घाबरूं नये. सोपा आकार घ्यावा, त्यांत दोन पायांच्या मध्यांतील अंतर १·२७ मिलिमीटर असतें. चिप जागेवर ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे प्रथम टांकून घ्यावे. शिवणांत आपण कच्चा टांका घालतों, तसें. सगळे पाय बरोबर आपापल्या टिकल्यांवर आहेत, अशी खात्री झाल्यावर रांगेभर फ्लक्स लावावा, टोंकावर डाखाचा लहान थेंब घ्यावा, आणि पायांच्या टोंकांवरून एका दिशेनें सावकाश ओढीत न्यावा. प्रत्येक पाय आपल्यापुरता डाख उचलतो. शेवटच्या दोन पायांत पूल झाला तर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली वेणी मिळते, ती त्यावर ठेवून वरून आयर्न टेकवावें. दिव्याची वात तेल ओढते, तशी ती वेणी जास्तीचा डाख पिऊन घेते.

डोळ्यांविषयीं लिहिणें आवश्यक आहे, कारण वडील मंडळी येथेंच माघार घेतात. हात कांपतो म्हणून जमत नाहीं, असें बहुतेक सांगतात. वस्तुतः हाताला काय करावयाचें तें दिसत नसतें. चाळिशीनंतर जवळचें पुसट दिसतें, त्यांत कोणाचा दोष नाहीं. डोक्याला बांधावयाचें दोन-अडीच पट मोठें दाखविणारें भिंग घेतलें, किंवा घड्याळजीचें भिंग वापरलें, तर तोच हात बराच स्थिर होतो, कारण आपली बारीक चूक दिसूं लागली कीं हात ती आपोआप सुधारतो. मनगट व करंगळी टेबलाला टेकलेली असावी. उजेड दोन बाजूंनीं असावा. कामापूर्वीं तासभर चहाकॉफी वर्ज्य करावी. ही शेवटची अट पुण्याच्या वाचकांस जड जाईल, पण उत्तेजक पेयानें हाताचा कंप वाढतो हें खरें आहे. तांदूळ निवडणें, वाती वळणें, क्रोशाचें विणणें, मोत्याची महिरप ओंवणें, यांत ज्यांचीं वर्षें गेलीं त्या सासूबाईंच्या बोटांना आणखी शिकवावयाचें थोडेंच उरतें. पुतण्याच्या आधीं त्यांनाच एखादें बोर्ड देऊन पाहावें, असें आम्ही त्या भगिनीस सुचवितों.

कांहीं किरकोळ गोष्टी. डोक्यावरचा पंखा बंद ठेवावा, नाहींतर गुंजेचा साठावा भाग कोठें जातो तें ब्रह्मदेवालाही सांपडत नाहीं. कांठाच्या परातींत पांढरा कागद अंथरून त्यांत काम करावें. चिमट्यांतून उडालेली कणी तेथें सांपडण्याची आशा असते. रेझिस्टरवर तीन आंकडे असतात : पहिले दोन जसेच्या तसे, तिसरा शून्यांची संख्या. १०३ म्हणजे १०,००० ओहम, ४७२ म्हणजे ४,७००. चिनी मातीच्या बारीक कपॅसिटरांवर मात्र कांहींच लिहिलेलें नसतें. पट्टींतून एक काढावा, तो बसवावा, मगच दुसरा काढावा. मिसळलेले कपॅसिटर म्हणजे चिठ्ठी गळून पडलेल्या मसाल्याच्या बरण्या, आणि येथें वास घेऊनही उपयोग नाहीं. कोरड्या हिवाळ्यांत अंगावर सांठणारी वीज कित्येक चिपना मारक असते. पूजेवरून उठून रेशमी मुकट्यानेंच या टेबलाशीं बसूं नये. सुती कपडे, आणि मनगटाला जमिनीशीं जोडणारा पट्टा असल्यास उत्तम. कोंकणांतील दमट हवेंत ही भीति बरीच कमी असते.

आतां मामंजींचा पहिला आक्षेप. शिशापासून मुलांच्या बुद्धीला अपाय होतो, हें निर्विवाद आहे, आणि रक्तांतील शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोकांची कल्पना अशी, कीं शिसें धुरांतून येतें. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाहीं. धूर असतो तो राळेचा. पण तोही निरुपद्रवी नव्हे. रोजच्या संबंधानें त्यापासून दम्याचा विकार जडल्याचीं उदाहरणें कारखान्यांतून नोंदलेलीं आहेत. म्हणून खिडकी उघडी असावी, आणि तोंडापासून धूर दूर ओढणारा लहान पंखा टेबलाच्या कडेला असावा. शिसें येतें तें बोटांवरून. तार धरलेल्या बोटांनीं शेंगदाणा तोंडांत टाकला, फरशीवर उडालेला थेंब रांगत्या मुलानें उचलला, त्याच कपड्यांनीं बाळाला घेतलें, हे त्याचे मार्ग आहेत.

आणि या ठिकाणीं जुन्या घरांना एक शिस्त आयती ठाऊक आहे. सोवळें-ओवळें आपण मानतों कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. पण अमुक वस्तूला हात लागला कीं धुतल्यावांचून तमुक वस्तूला शिवावयाचें नाहीं, ही संवय आपल्या आज्यांच्या हाडीं खिळली होती. तीच संवय येथें शब्दशः लावावी. कामाचें टेबल ठरलेलें, माडीवरच्या खोलींत, कडी लागणारें. तेथें खाणेंपिणें नाहीं. कामाचा अंगरखा तेथेंच खुंटीला. उठतांना टेबल ओल्या फडक्यानें पुसावयाचें, केरसुणीनें झाडावयाचें नाहीं, आणि साबणानें हात धुतल्यावांचून जिना उतरावयाचा नाहीं. एवढें पाळणें ज्या घराला शक्य नाहीं, किंवा ज्या घरांत रांगतें मूल आहे, त्यानें बिनशिशाची तार घ्यावी. युरोपांत १ जुलै २००६ पासून बहुतेक विजेच्या मालांत शिशाच्या डाखाला बंदी आहे, व तेव्हांपासून मोठ्या कारखान्यांतील पुष्कळ माल बिनशिशाचाच असतो. कथील, किंचित् चांदी व तांबें यांचा हा डाख सुमारें २१७ अंशांना वितळूं लागतो, टोंक २०–३० अंश अधिक तापवावें लागतें, आणि सांधा तितका चमकत नाहीं. शिकावयास तो थोडा कठीण, हें खरें. तरी त्या भगिनीच्या घरीं आम्ही दुसरा पर्याय सुचविणार नाहीं. मामंजींनाही त्यांत आक्षेपार्ह कांहीं वाटूं नये. आयर्नची वायर मात्र टेबलाखालीं लोंबती ठेवूं नये. रांगतें मूल वायर ओढतें, आणि भाजणें हें शिशाहून तातडीचें संकट आहे.

सरावासाठीं निकामी झालेलें बोर्ड भंगारवाल्याकडे मिळतें. त्यावरचे भाग काढून पुन्हां लावावे. परंतु भिंतीच्या विजेवर चालणारा चार्जर किंवा दूरदर्शनचा संच उघडूं नये. २३० व्होल्टची वीज आंतील मोठ्या कपॅसिटरमध्यें सुमारें ३२५ व्होल्ट होऊन सांठते, आणि वायर काढल्यावरही ती कांहीं काळ तेथें राहूं शकते. सरावाचे तयार संचही मिळतात. मुंबईस लॅमिंग्टन रोड, पुण्यास पासोड्या विठोबाच्या आसपासची बुधवार पेठ, येथें दुकानांवर दुकानें आहेत. दिवे आळीपाळीनें लागणारा दोन सेलवरचा एखादा संच मुलांना आवडतो. प्रत्येक भाग दहा दहा घ्यावा, दोन दोन घेण्यांत काटकसर नाहीं. जुळणी झाल्यावर सेल लावण्यापूर्वीं मल्टिमीटरनें धन व ऋण टोंकें एकमेकांस चिकटलेलीं नाहींत ना, हें पाहावें. फ्लक्सचे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रश यांनीं पुसावे. हें द्रव्य पेट घेतें, म्हणून तापलेलें आयर्न बंद करून तें थंड झाल्यावरच बाटली उघडावी.

डाखाची भुकटी फ्लक्समध्यें कालवून केलेला मलम व गरम हवेचा झोत यांनीं दहावीस भाग एकदम बसवितां येतात. त्याची कृति पुढील अंकीं देऊं. तोंवर ज्यांनीं उत्साहानें तो मलम आधींच आणून ठेवला असेल, त्यांच्यासाठीं एवढेंच : तो थंड जागीं ठेवावा असें वेष्टनावर लिहिलेलें असतें, तें खरें आहे. पण ती थंड जागा म्हणजे लोणचें, विरजण आणि बाळाचें दूध ठेवलेला घरचा फ्रीज नव्हे.